शुक्रवारी गप्प, शनिवारी वाद

शुक्रवारचा पहिला खेळ सुटला की भाईंदर स्टेशनजवळच्या एकपडदा थिएटरातून मी आणि नाडकर्णी मॅडम बाहेर पडायचो, एकाच रिक्षात बसायचो आणि कॉलेजच्या फाटकापर्यंत एक अक्षरही बोलायचो नाही. त्या एकीकडे बघत बसायच्या, मी दुसरीकडे. एका रिक्षावाल्याला हे बघवेना. उतरल्यावर तो माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "भाईसाब, गलती किसी की भी हो, सॉरी बोल दो. भाभीजी बहुत गुस्से में हैं."

मॅडम माझ्याहून वयाने बऱ्याच मोठ्या. त्यांनी ते ऐकलं आणि नियम मोडून एकच वाक्य बोलल्या, "ढवळेसर, त्याला सांगा, भाभीजी शनिवारी बोलतील."

हा नियम आम्ही दोघांनीच घातला होता. दोन हजार सालानंतर आमच्या कॉलेजात जनमाध्यमांची पदवी सुरू झाली. त्यात चित्रपट-रसग्रहण नावाचा एक विषय होता. मॅडम इंग्रजी शिकवायच्या, मी मराठी. दोघांनाही सिनेमाचं वेड, म्हणून तो विषय आमच्या गळ्यात पडला. आम्ही ठरवलं की दर शनिवारी शेवटच्या तासाला नव्या सिनेमावर मुलांसमोर वाद घालायचा. मुलांनी सिनेमा बघायचा तो वाद ऐकल्यानंतरच. वाद ताजा राहायला हवा, म्हणून सिनेमा वेगवेगळ्या रांगांत बसून बघायचा, एकमेकांशी त्यावर बोलायचं नाही आणि पेपरातलं परीक्षण तर बिलकुल वाचायचं नाही. वर्गात जाईपर्यंत समोरचा काय म्हणणार आहे ते आम्हाला खरोखरच ठाऊक नसायचं.

आमच्या धंद्याबद्दल लोकांचे गैरसमज फार. सोसायटीतले शेजारी विचारायचे, "म्हणजे सिनेमा बघण्याचा पगार मिळतो?" मी "हो" म्हणायचो, कारण समजावत बसलं की लिफ्ट निघून जायची. एका विद्यार्थिनीचे वडील तर कॉलेजात येऊन विचारून गेले की घरी मुलगी टीव्हीसमोर बसलेली असते, तेव्हा तो अभ्यास धरायचा की नाही. मॅडम म्हणाल्या, "रिमोट तिच्या हातात असेल तर टाइमपास. वही हातात असेल तर अभ्यास." त्यांना ते पटलं.

खरं सांगायचं तर हे काम सोपं आहे आणि अवघडही. पडद्यावर एक माणूस दिसतो, मग ताट दिसतं. तो भुकेला आहे, असं आपण समजतो. त्याच माणसानंतर तिरडी दिसली तर तो दुःखी वाटतो. माणसाच्या चेहऱ्यात काडीचा फरक पडलेला नसतो, जोडणी आपण केलेली असते. ही जोडणी कोण करतं, कशी करतं आणि आपण तिला कसे फसतो, एवढंच मुलांना दाखवायचं. बाकी सगळी सजावट.

माझ्यासारख्याला हे काम मिळालं याचं मला आजही अप्रूप आहे. आमचं गाव परांडा. वडील बाजार समितीत हमाल. आमच्या घरी पेपर यायचा तो भाकरी गुंडाळायला. गुरुजींनी फीमाफीचा अर्ज स्वतः भरून दिला म्हणून मी शिकलो, घराण्यातला पहिला पदवीधर झालो. सिनेमा मात्र शाळेत नाही, जत्रेच्या तंबूत शिकलो. तिथल्या ऑपरेटरला उशीर झाला की तो मधला एखादा रिळाचा डबा सरळ गाळून टाकायचा. नायक दरीत पडताना दिसायचा आणि लगेच लग्नाच्या मांडवात उभा असायचा. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही पोरं मधली गोष्ट स्वतः रचायचो. माझी नेहमी सगळ्यांत चांगली असायची. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढच्या घोटाळ्याचं मूळ तिथेच आहे.

तर एका वर्षी आमच्या विषयावर गदा आली. संस्थेचे विश्वस्त जयंतीभाई यांचं केबिन रोडवर हार्डवेअरचं दुकान होतं. जन्म भाईंदरचा, मराठी आमच्याइतकं अस्खलित, फक्त मधूनच गुजराती डोकावायचं. त्यांचं म्हणणं साधं होतं. मुलांना नोकऱ्या लागल्या पाहिजेत, मग सिनेमाऐवजी जाहिरात आणि विक्रीकला का नको? ते मला म्हणाले, "सर, वाईट वाटून घेऊ नका. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, खिळा मागतं. मी त्याला खिळ्याचं रसग्रहण शिकवत नाही ने!" बुधवारच्या बैठकीत ते विषय बंद करण्याचा ठराव मांडणार होते. विषय गेला की त्याच्या तासांवर टिकलेलं माझं तात्पुरतं पद जाणार होतं. त्याआधी एक शनिवार येऊन बघा, अशी मॅडमनी त्यांना गळ घातली. ते यायला तयार झाले.

त्या शुक्रवारी एक मराठी सिनेमा लागला होता. त्याचं नाव मुद्दाम देत नाही. दिग्दर्शक अजून सिनेमे काढतात आणि या सगळ्यात त्यांचा काडीचाही दोष नाही. गोष्ट छोटी. मुलगा शहरात नोकरीला, आई गावी एकटी. मध्यंतरानंतर गावाहून फोन येतो. आई गेलेली असते. तो येतो, अग्नी देतो, डोकं भादरून घेतो, घराला कुलूप लावतो. कुलपाचा आवाज होतो आणि पुढच्याच क्षणी आई त्याच घराच्या ओट्यावर बसून वाटाणे सोलताना दिसते. मुलगा शेजारी बसलेला. त्याच्या डोक्यावर भरपूर केस. ती विचारते, "परत कधी येशील?" तो म्हणतो, "लवकर." नंतर थेट शहरातली खोली, खिडकीशी तो, डोक्यावर खुंट उगवलेले.

मी खुर्चीत ताठ बसलो. धुरकट चौकट नाही, आठवणीची सूचना देणारं संगीत नाही, काही नाही. मेलेली आई सरळ येऊन वाटाणे सोलते! मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "अरे, ही आत्ताच गेली ना?" मला त्या माणसाची कीव आली. रिक्षात मी नेहमीसारखा गप्प होतो, पण आतून नाचत होतो.

शनिवारी जयंतीभाई शेवटच्या बाकावर येऊन बसले. मॅडमनी सुरुवातीलाच तोफ डागली.

"चांगल्या सिनेमाची मधेच वाट लावली आहे. मुलगा भादरलेल्या डोक्याने कुलूप लावतो आणि पुढच्या दृश्यात केसांचं जंगल! ही धडधडीत चूक आहे. सेटवर कुणाचंच लक्ष नव्हतं. आणि आठवण दाखवायची होती तर प्रेक्षकाला तसं सांगा. हे काय, बाई जळली आणि लगेच वाटाणे?"

"मॅडम, केस हीच तर सूचना आहे," मी म्हणालो. "अंत्यविधीत केस जातात. ते परत आलेत, म्हणजे तो काळाच्या बाहेर गेलाय. कुलूप लावताना माणसाला काय आठवतं? आईचं मरण आठवत नाही. तिने विचारलेला शेवटचा साधा प्रश्न आठवतो. आणि तेव्हा आपण दिलेलं उत्तर. 'लवकर' म्हणाला होता, आणि आला तेव्हा ती नव्हती. दिग्दर्शक धूर सोडत नाही, वीणा वाजवत नाही. तो आईला नुसता परत आणतो. दुःख असंच येतं, न विचारता."

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही सिनेमापेक्षा छान बोलता, ढवळेसर. पण मला तो सिनेमा दिसला नाही." मुलं हसली. मतं घेतली, तर बहुतेक हात माझ्या बाजूने वर गेले.

तास संपला तरी जयंतीभाई बसून होते. डोळे लाल झालेले. उठताना त्यांनी माझा हात धरला. "माझी बा गेली दिवाळीआधी," ते म्हणाले. "मीपण तिला 'लवकर' म्हणालो होतो. सूरतला होतो, मालाच्या कामासाठी." मग थोडं थांबून म्हणाले, "ठराव मी मांडत नाही. तुमचा विषय चालू दे. आणि हा सिनेमा मी बघणार."

मी तरंगतच घरी गेलो. रविवारी माझी बायको सुनंदा हिला तो सिनेमा दाखवायला बोरिवलीला घेऊन गेलो, तिची बहीण तिथेच राहते म्हणून. मध्यंतर झालं. थोड्या वेळात आई ओट्यावर वाटाणे सोलायला बसली. मुलगा शेजारी, डोक्यावर केस. "परत कधी येशील?" "लवकर." मी गोंधळलो. हे आधी कसं? मग फोन आला, अग्नी दिला, डोकं भादरलं, कुलूप लागलं. मी सुनंदाला कोपराने ढोसलं, "आता बघ हं. आई परत येते."

"अहो, तिला आत्ताच जाळलं ना? कुठून येईल?"

"बघ तर."

कुलूप वाजलं आणि पडद्यावर शहरातली खोली आली. आई काही आली नाही. सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. माझ्या मनात पहिला विचार काय आला, तर दिग्दर्शकाने कच खाल्ली! शुक्रवारी लोक कुरकुरले म्हणून त्याने दोन दिवसांत सिनेमा सरळ करून पाठवला. एवढं शिकल्यावर माणसाला एवढंच सुचतं. घरी येताना मी हा सिद्धांत सुनंदाला ऐकवला. ती म्हणाली, "किंवा तुमच्या थिएटरात डबे उलटे लागले असतील." आणि हसू आवरेना म्हणून तिने पदर तोंडाला लावला.

सोमवारी सकाळी मी मॅडमना गाठलं आणि आम्ही दोघं थिएटरच्या मॅनेजरकडे गेलो. तो चहा पीत होता. त्याला काही विशेष वाटलं नाही. त्या काळी छोट्या सिनेमाची एकच प्रिंट दोन थिएटरांत चालवायचे. मीरा रोडला खेळ थोडा आधी सुरू व्हायचा. तिथला डबा संपला की माणूस मोटरसायकलवर तो घेऊन भाईंदरला यायचा. "पहिल्या शोला मधला डबा मीरा रोडलाच विसरला, त्याच्या पुढचा घेऊन आला पठ्ठ्या," मॅनेजर म्हणाला. "पडदा रिकामा ठेवला तर लोक खुर्च्या फाडतात. हातात होता तो लावला, राहिलेला आला तसा नंतर लावला. पब्लिकने बोंब मारली नाही. दुसऱ्या शोपासून सगळं बरोबर आहे. का, काही प्रॉब्लेम झाला?"

"नाही, नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "म्हणजे मीच जिंकले."

"कशा जिंकलात? तुम्ही दिग्दर्शकाला शिव्या घातल्यात. त्या बिचाऱ्याने काहीच केलं नव्हतं."

"आणि तुम्ही त्याला डोक्यावर घेतलंत. तेव्हाही त्याने काहीच केलं नव्हतं."

आम्ही दोघं रस्त्यातच हसत सुटलो. पण माझं हसू लवकर ओसरलं. जयंतीभाई सिनेमा बघणार होते. बा परत यायची वाट बघत ते अंधारात बसतील आणि ती येणार नाही. नंतर त्यांना वाटेल की या मास्तराने पद वाचवायला माझ्या दुखण्यावर गोष्ट रचली. मी मॅडमना म्हटलं, "बुधवारची बैठक झाल्यावर सांगूया का?"

"आता," मॅडम म्हणाल्या. "शनिवारी आपण मुलांना काय शिकवतो? जोडणी कुणी केली ते विचारा. मग ही जोडणी मोटरसायकलवाल्याने केली, हे लपवून बुधवार पार पाडायचा?"

आम्ही चालत केबिन रोडला गेलो. जयंतीभाई गल्ल्यावर बसले होते. त्यांनी आमच्यासाठी स्टुलं मागवली, चहा सांगितला. मी सगळं सांगितलं. अगदी सुनंदाच्या हसण्यासकट. ते हातातल्या बिजागरीची पानं उघडझाप करत ऐकत होते.

"काल बघितला मी," शेवटी ते म्हणाले. "पोरांना घेऊन गेलो होतो. मला वाटलं, माझाच डोळा लागला असेल तेवढा वेळ." त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "सर, बा गेली तेव्हा मीपण सगळे केस काढले होते. माझे केस परत आले. बा नाही आली."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला.

मग त्यांच्यातला विश्वस्त जागा झाला. "बरं, मला सांगा. बुधवारी मी कमिटीला काय सांगू? दोन प्रोफेसर, दोघांना पगार, आणि कुठला डबा आधी, कुठला नंतर, ते दोघांनाही कळलं नाही?"

मी सरळ सांगितलं, "हेच सांगा. आणि का कळलं नाही तेही सांगा. आम्ही दोघंही जे दिसलं ते दिग्दर्शकानेच लावलं असणार, हे धरून बसलो होतो. मी लहानपणापासून गाळलेल्या डब्यांच्या जागा मनाने भरत आलोय. तेच परवा केलं."

"आणि हेही सांगा," मॅडम म्हणाल्या, "की दोन डबे मागेपुढे झाले तर तीच माणसं, तेच शब्द, आणि गोष्ट पूर्ण वेगळी. ही मुलं उद्या टीव्हीवर बातम्या जोडायला बसणार आहेत, जयंतीभाई. आधी जमावाचा दगड दाखवायचा की आधी पोलिसांची लाठी, हे त्यांच्या हातात असणार. तुमची जाहिरात शिकवा की, खुशाल शिकवा. पण हे शिकवलं नाही तर ती पोरं दुसऱ्याने लावलेले डबे आयुष्यभर खरे मानतील."

जयंतीभाईंनी बिजागरी मिटून बाजूला ठेवली. "बोलता झकास, मॅडम. पण मी दुकानदार माणूस. माल बघितल्याशिवाय घेत नाही. मला दोन्ही दाखवा. तसं, आणि असं. त्यानंतर ठरवू. बैठक पुढे ढकलतो."

थिएटरचा मॅनेजर त्यांचं जुनं गिऱ्हाईक निघाला. गुरुवारी सकाळी थिएटर रिकामंच असायचं. डबे मुद्दाम उलटे लावायचे म्हटल्यावर तो घाबरला. "आणि पब्लिकने गोंधळ घातला तर?"

"पब्लिक आम्हीच," जयंतीभाई म्हणाले.

सगळा वर्ग आला होता. आधी बरोबर क्रमाने दाखवलं. ओटा, वाटाणे, मग फोन, अग्नी, कुलूप, शहर. मुलांनी नीट बघितलं, काहींनी वहीत टिपलं. उत्तनची एक कोळ्याची मुलगी माझ्या मागे बसली होती. ती मैत्रिणीला म्हणाली, "चांगला हाय. पन रडू येत न्हाय." दिवे लागले, डबे बदलले, पुन्हा अंधार झाला. अग्नी. भादरलेलं डोकं. कुलूप.

आणि आई आली. वाटाण्याची शेंग अंगठ्याने उकलत, खाली बघत. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की ही चूक आहे. मोटरसायकल कुठे थांबली, कोणता डबा राहिला, सगळं ठाऊक होतं. तरी थिएटरात खोकलासुद्धा ऐकू आला नाही. माझ्यापुढे दोन रांगा सोडून जयंतीभाई एकटेच बसले होते. आईने विचारलं, "परत कधी येशील?" आणि त्यांचे खांदे हलले.

मी त्यांच्याकडे बघणं सोडून पडद्याकडे बघू लागलो.

बाहेर आल्यावर मुलं चालत निघाली. जयंतीभाईंची गाडी उभी होती, पण त्यांनी ड्रायव्हरला पाठवून दिलं आणि आमच्या रिक्षात शिरले. मॅडम एकीकडे, मी दुसरीकडे, मधे ते. केबिन रोड जवळ आला तसे ते चुळबुळ करायला लागले. दुकान आलं. उतरता उतरता त्यांनी तोंड उघडलं, तशी मॅडमनी बोट वर केलं.

"शनिवारी," त्या म्हणाल्या.

ते चमकले. मग मान डोलावून दुकानात गेले.

ते थिएटर आता नाही. सिनेमा डब्यांतून येत नाही, त्यामुळे तो मागेपुढेही होत नाही. मॅडम मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या. विषय मात्र टिकला, आणि मी निवृत्त होईपर्यंत तो शिकवला. दर वर्षी पहिल्या तासाला मी ही गोष्ट सांगायचो, आणि दर वर्षी वर्गाचे दोन तट पडायचे. त्याची काळजी मला कधीच वाटली नाही. तट पडले म्हणजे मुलांनी सिनेमा बघितला.

पण त्या शनिवारचं सांगायचं राहिलं. वर्गात आमच्या दोन खुर्च्यांच्या शेजारी शिपायाने तिसरी खुर्ची मांडून ठेवली होती. मॅडम नेहमीच्या ठसक्यात बोलल्या. दिग्दर्शकाने जो क्रम लावला तोच सिनेमा, बाकी अपघात. अपघातावर प्रेम जडलं तरी त्याला कलाकृती म्हणता येत नाही. मुद्दा बिनतोड होता. माझ्याकडे उत्तर होतं, पण मी उठलो नाही.

जयंतीभाई उठले. धोतराचा सोगा नीट केला, चष्मा पुसून परत घातला आणि पुढ्यातल्या मुलांकडे बघितलं. आयुष्यात कधी वर्गात बोललेले नव्हते.

"मॅडम म्हणतात, आई परत येते ती चूक आहे," ते म्हणाले. "मी विरोध करतो."